साहेबांचा ळ

महिना पंधरा रुपये.
ते हातात नव्हे, दगडी पाटीवर ठेवत साहेब
आणि मी उपरण्याच्या टोकाने ओढून घेई.
हे न बोलता ठरलेलं होतं.

प्रोफेसर थर्लो, शरणपूरच्या मिशन कॉलेजाचे प्रिन्सिपल.
ग्रीक येई, हिब्रू येई,
पाणिनीत मला दोनदा अडवलं होतं,
फक्त ळ येत नसे.
जीभ मागे वळवा, म्हटलं, टाळूला लावा, मग सोडा.
ते वळवत, लावत, सोडत
आणि बाहेर पडे तो ल.

"शास्त्रीबुवा, काल फार वाईट आहे."
काल बरा होता साहेब, ऊनही पडलं होतं.
भाषांतरावर बोट ठेवून विचारत, "ही ओल ठीक आहे?"
कागद कोरडा आहे, साहेब.
प्रार्थनेला म्हणत, "आता डोले मिटा,"
की मागच्या बाकावरची पोरं
गीतांच्या पुस्तकात तोंडं खुपसत.

गलबतावरून सोडवून आणलेला एक हबशी पोरगा,
इथे शमुवेल नाव ठेवलेला,
त्याला ळ तिसऱ्या दिवशी आला.
साहेबांनी त्याला आपल्या खुर्चीवर बसवलं
आणि स्वतः बसले खाली, पोरांच्या बाकावर,
गुडघे हनुवटीशी.
"म्हण, बाबा. मी ऐकतो."
फळा. शाळा. आभाळ.
ही गोष्ट मी घरी सांगितली नाही.

घरी जाताना गंगेत उतरावं लागे, नेसल्या वस्त्रानिशी.
त्याशिवाय पंचवटीत कोण उंबरा ओलांडू देतो?
पौषात पाणी असं, की दात मोजून घ्यावेत.
एकदा त्यांनी विचारलं,
"माझ्यामुले तुम्हाला रोज थंडी वाजते?"
मी व्याकरण काढून बसलो.
पुढल्या महिन्यात पाटीवर सोळा.
एक लाकडांचा, म्हणाले,
घरी गेल्यावर शेकायला.

मग पटकी आली.
तांबटांची ठोकठोक बंद पडली,
तेव्हा कळलं गावात किती शांतता मावते.
कॉलेजाला सुट्टी. बाकं जोडून खाटा केल्या.
साहेब म्हणे स्वतः ओकाऱ्या काढतात,
जात विचारत नाहीत, नाव तेवढं विचारतात,
तेही चुकीचं म्हणतात.
मी गेलो नाही.
पहिल्या दिवशी एकादशी होती.
दुसऱ्या दिवशी पाण्याला ओढ होती.
तिसऱ्यापासून मी कारण शोधलं नाही.

बाराव्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी
याकोब साळवे उभा राहिला, पुढे न येता.
साहेबांचा "सालवे". बबर्ची, आणि शेवटी शेवटी सगळंच.
"गेले," म्हणाला.
काही बोलले?
"पहाटे डोळे उघडले. म्हणाले, काल आला.
आम्ही विचारत राहिलो, काल कोण आलं होतं, साहेब?
पुन्हा तेच. काल आला. आणि जरासे हसले, बुवा.
काल तर कुणीच आलं नव्हतं."

मी काही समजावलं नाही.

त्याने धोतराच्या पदराखालून पाटी काढली,
नेहमीसारखी जमिनीवर ठेवली आणि चार पावलं मागे सरला.
सोळा रुपये.
"आजारी पडायच्या आधीच मोजून ठेवले होते."
अरे, पण मी बारा दिवस आलो नाही!
"ते मला ठाऊक नाही. सोळा म्हणाले."

उपरणं घरात राहिलं होतं.
एकेक रुपया बोटांनी उचलला,
तशी खालून अक्षरं दिसू लागली,
पेन्सिलीने गिरवलेली, ओळीने,
ळ ळ ळ ळ,
दोन्ही डोळे गोल, गाठ मधोमध.
लिहिताना त्यांचा ळ कधी चुकला नव्हता,
माझ्या मुलाचा अजून चुकतो.

साळवे पाटी परत न्यायला थांबला होता.
मी म्हटलं, बस, याकोब. पायरीवर बस.
तो माझ्याकडे बघत राहिला.
आत बायकोने तांब्या आपटला.